आलेखाची पाच बोटं

२५ मार्च, बुधवार

शेजारच्या शादलियाच्या झाडांवर आज लाल फुल्या पडल्या. कंत्राटदार स्वतः रंगाचा डबा घेऊन आला होता आणि तिचा मुलगा लुत्फी त्याला एकेक झाड दाखवत पुढे चालला होता. चौदा कडू नारिंगं आहेत. कळ्या आत्ता कुठे फुटायला लागल्यात, अख्ख्या गल्लीत घमघमाट सुटलाय, आणि त्यात हा ऑइलपेंटचा उग्र वास. तिथे मोटारी दुरुस्त करायचे गाळे बांधायचेत म्हणे. शादलिया दारात उभी राहून बघत होती. मी जाऊन शेजारी उभी राहिले तर म्हणाली, "नजीबा, कॉफी घेतेस?"

लुत्फी वाईट मुलगा नाही. माझ्यासमोरच आईला म्हणाला, "उम्मी, झाडं नुसती वास देतात, पोट भरत नाहीत. या हंगामात तुझं फुलांचं पाणी खपलं आणि दर वर्षीचं गिऱ्हाईक लेखी ठरलं, तर मी स्वतः या फुल्या खरवडून काढतो. नाही तर मे महिन्यात करवत."

आता सगळी मदार मादाम इंसाफवर. ट्यूनिसमध्ये त्यांचं मिठाईचं मोठं दुकान आहे. त्यांना वीस एप्रिलपर्यंत शंभर फाश्का, म्हणजे गवत गुंडाळलेल्या बाटल्या, भरून फुलांचं पाणी हवंय, घरी भट्टीवर गाळलेलं, आणि जमलं तर दर वर्षी. पण बाई पोळलेली आहे. मागे कुणीतरी भरपूर सांगून ऐन वेळी निम्मंही दिलं नाही. मला फोनवर म्हणाल्या, "मी रोज विचारत बसणार नाही आणि तुम्ही रोज शपथा घालू नका. तुमचं एक वेबपान करा आणि त्यावर मला दिसू दे किती जमलंय ते."

दिसू दे. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत आकडे मांडलेली बाई मी. हे काम माझं.

२७ मार्च, शुक्रवार

लल्ला बेयांच्या अंगणात पाच घरच्या बायका जमलो. लल्ला बेया ऐंशीच्या पुढे गेल्यात, पण तांब्याच्या भट्टीला अजून दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मोंजिया मातीची भांडी विकते आणि तिची जीभ त्या भांड्यांपेक्षा जास्त भाजलेली आहे. कमर शिवणकाम करते, बोलते कमी. मग शादलिया आणि मी.

मी सोपा प्रश्न विचारला, आतापर्यंत प्रत्येकीच्या किती फाश्का झाल्या?

"बरकत आहे," मोंजिया म्हणाली.

"बरकत आहे," कमर म्हणाली.

शादलियानेही तेच. लल्ला बेयांनी तर नुसतं आभाळाकडे बघितलं. या गावात लग्न होऊन आले तेव्हापासून हेच उत्तर ऐकतेय आणि तेव्हापासून माझं डोकं फिरतंय. मुलं किती? बरकत आहे. ऑलिव्ह किती निघाले? बरकत आहे. अहो, बरकत हा काय आकडा आहे?

"मादाम इंसाफना बरकत बाटलीत भरून देऊ का?" मी म्हटलं.

"स्फाक्सची माणसं झोपेतसुद्धा मोजतात," मोंजियाने माझ्या माहेराचा उद्धार केला. "ही नवी नवरी आली ना, तेव्हा हिनं आधी आमच्या गच्चीच्या पायऱ्या मोजल्या होत्या."

सगळ्या हसल्या, मीही हसले. पायऱ्या मोजल्या होत्या हे खरंच आहे. शेवटी शादलियाच्या झाडांसाठी म्हणून सगळ्या तयार झाल्या. मी स्प्रेडशीट बनवलीय, पाच नावं, पाच रकाने. सगळ्यांच्या फोनवर उघडून दिली. भट्टी उतरवली की ज्या त्या बाईने आपला आकडा लिहायचा. आकड्यांचा आलेख होईल, आलेख वेबपानावर जाईल. लल्ला बेयांचा आकडा त्या मला सांगतील आणि मी लिहीन.

३० मार्च, सोमवार

मादाम इंसाफचा फोन. "तुमच्याकडे तीन दिवस एक थेंबही गळला नाही का?"

मी चाट पडले. भट्ट्या तर रोज पेटतायत, आणि माझ्या स्प्रेडशीटमधल्या पट्ट्याही रोज वाढतायत. संध्याकाळी लक्षात आलं. मी आलेखाचा फोटो काढून पानावर चिकटवला होता. फोटो तो फोटोच, माणूस वाढला म्हणून भिंतीवरचा फोटो थोडाच वाढतो? मादामना तसं सांगायची लाज वाटली, म्हणून "तांत्रिक अडचण" म्हणाले. पोस्टात हे दोन शब्द फार उपयोगी पडायचे.

१ एप्रिल, बुधवार

झालं! झालं! झालं!

आलेखाच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'प्रकाशित करा' असं असतं. ते केलं की संगणक एक लांबलचक ओळ देतो. ती ओळ उचलायची आणि वेबपानाच्या आतल्या बाजूला, जिथे आलेख हवा तिथे ठेवायची. बस. मग तो फोटो राहत नाही, ती एक खिडकी होते. इकडे स्प्रेडशीटमध्ये आकडा बदलला की तिकडे पानावरची पट्टी आपोआप सरकते.

हेदीला बोलावलं. माझा नवरा बस चालवून निवृत्त झालाय आणि आता कॅफेत पत्ते खेळण्याची नोकरी करतो. त्याला म्हटलं, माझ्या रकान्यात तूच आकडा लिही. त्याने चारचे पाच केले. पान उघडलं तर काहीच नाही. "तुझी खिडकी बंद आहे, नजीबा," म्हणाला. मीही घाबरले. मग कॉफी केली, त्यात फुलांच्या पाण्याचे दोन थेंब घातले, आणि कॉफी संपेपर्यंत पान पुन्हा उघडलं तर माझी पट्टी एक घर वर! थोडा वेळ लागतो त्याला, एवढंच.

"वल्लाह, ही तर चालते!" हेदी ओरडला. इतका खूश मी त्याला मुलीच्या निकालानंतर बघितलं नव्हतं. स्वतःच्या फोनवर पानाचा पत्ता घेतला. मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल त्याने एक प्रश्न विचारला नव्हता.

पाच हिरव्या पट्ट्या, खाली पाच नावं. शादलियाची सगळ्यांत उंच, अकरावर.

संध्याकाळी लल्ला बेयांना दाखवायला गेले. त्यांनी बघितलं मात्र, उजवा पंजा उघडून पडद्यासमोर धरला आणि "खम्सा", म्हणजे पाच, म्हणाल्या, जसं कुणाची वाईट नजर अडवावी तसं.

"पोरी, याच्यावर काहीतरी पांघरूण घाल."

"लल्ला, वेबपानावर पांघरूण नसतं घालता येत."

"मग कशाला काढलंस ते?"

निघताना त्यांनी मला माशाचं वाळलेलं शेपूट दिलं, संगणकाला टांगायला. मी ते खणात टाकलं. आता सगळ्या खणाला वास येतोय.

४ एप्रिल, शनिवार

शादलियाच्या भट्टीचा सांधा उखडला. ऐन फुलांच्या भरात! तांबटाने पुन्हा डाख देऊन दिला, पण एक दिवस वाया गेला. कमरच्या डोळ्याला रांजणवाडी आली आहे. मोंजियाच्या हातून भरलेली फाश्का निसटून फुटली. योगायोग, दुसरं काय. काम वाढलं की अपघात वाढतात, पोस्टातही ईदच्या आठवड्यात असंच व्हायचं.

हेदीचं मात्र छान चाललंय. कॅफेतून शीळ घालत येतो. कॉफीला पैसे पडत नाहीत म्हणतो, मित्र पाजतात. आज विचारत होता, "शादलियाचा आजचा आकडा किती? पानावर यायच्या आधी मला सांग ना."

"तुला कशाला?"

"सहज."

आलेखाचं वेड लागलंय बिचाऱ्याला.

७ एप्रिल, मंगळवार

काहीतरी बिघडलंय. सकाळी पान उघडलं तर शादलियाची पट्टी एकोणीसवरून धाडकन पाचावर. मोंजिया पाचावर. कमर पाचावर. मला वाटलं आलेख जुना दाखवतोय. स्प्रेडशीट बघितली तर तिथेही पाच, पाच, पाच. म्हणजे सूत्रात गडबड. पण मी सूत्र घातलेलंच नाही, नुसते आकडे आहेत!

दुपारी लल्ला बेयांकडे त्यांचा आकडा विचारायला गेले. काल तीन होता. आज म्हणाल्या, "पाच लिही."

"लल्ला, एका दिवसात तुमच्या दोन फाश्का झाल्या?"

"पाच लिही म्हटलं ना."

चला, निदान एका घरी तरी वाढ आहे. ती लिहिली. संध्याकाळभर दुरुस्ती केली. आलेख पुसला, नवा काढला, नवीन ओळ पानावर ठेवली, तीनदा. तीनही वेळा चार पट्ट्या कंगव्याच्या दातांसारख्या एका उंचीच्या, आणि माझी एकटीची आठवर. माझा आकडा तेवढा बिघडत नाही, म्हणजे दोष त्यांच्या फोनमध्ये असणार. उद्या सगळ्यांचे फोन बघते.

८ एप्रिल, बुधवार

फोन ठणठणीत आहेत. प्रत्येकीला विचारलं, "तूच लिहिलंस का हे?" प्रत्येक जण म्हणाली, "बरकत आहे, नजीबा, बरकत आहे." आणि विषय बदलला.

पाववाल्याकडे गेले तर तो म्हणतो, "या नजीबाबाई! तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे! आठ!" मागच्या बाईने वळून बघितलं. मग तिच्या मागच्या बाईने. पाववाला कधीपासून वेबपानं वाचायला लागला?

घरी आल्यापासून डोकं ठणकतंय. दुपारी दूध उतू गेलं. आलेख उघडला की चार बुटक्या पट्ट्यांमध्ये माझी एकटीची उंच उभी दिसते आणि नको वाटतं. काही विशेष कारण नाही. दिसायला बरं दिसत नाही, इतकंच. म्हणून माझ्याही रकान्यात तूर्त पाच लिहिलं, सगळं एकसारखं दिसावं म्हणून. दुरुस्ती झाली की खरा आकडा घालीन.

डोकं आता बरं आहे.

१० एप्रिल, शुक्रवार

मादाम इंसाफना मीच फोन केला. सेक्रेटरी म्हणाली मादाम पान बघत नाहीत सध्या. बघत नाहीत म्हणजे? शंभरच्या जागी पंचवीस दिसले असणार आणि त्यांनी आमच्या नावावर काट मारली असणार. दहा दिवस राहिलेत.

आणि आज मी जे करायला नको होतं ते केलं. शुक्रवारच्या बाजारातून येताना फुलं विकत घेणाऱ्या कारखान्याच्या दलालाची गाडी शादलियाच्या कोपऱ्यावर उभी दिसली. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. चौदा झाडं आणि पाच फाश्का! म्हणजे बाई फुलं गाळतच नाही, दलालाला विकते. आम्ही हिच्या झाडांसाठी घाम गाळतोय आणि ही मागच्या दाराने...

सरळ तिच्या अंगणात गेले आणि बोलले. सगळं बोलले. "विकायचीच होती तर आम्हाला कशाला राबवलंस?" असं म्हटलं. शादलिया टोपलीत फुलं निवडत होती. तिने हात पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू मोजत बस, नजीबा." आणि आत जाऊन दार लावलं. या वेळी कॉफी विचारली नाही.

घरी येईपर्यंत माझा राग टिकला. घरात आल्यावर टिकला नाही. टोपलीत फुलं होती. विकायची असती तर ती पहाटेच गेली असती, दुपारी कोण निवडत बसतं?

११ एप्रिल, शनिवार

लुत्फी टेप घेऊन झाडांमध्ये अंतर मोजत होता. मला बघून म्हणाला, "खालती," मावशीला हा खालतीच म्हणतो, "तुमच्या पानावर बघितलं मी. पाच फाश्का. उगाच आईला आशा लावलीत तुम्ही."

आशा मीच लावली होती. शादलियाने कधीच काही मागितलं नव्हतं.

१२ एप्रिल, रविवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा.

दुपारी घरातलं पाणी गेलं आणि हेदी फोन उचलेना. म्हणून मी कॅफेत गेले. आमच्या या कॅफेत बायका पाय ठेवत नाहीत, पण बंद नळापुढे कसला आलाय रिवाज. दारातच थबकले. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर फुटबॉल नव्हता. माझा आलेख होता. माझ्या पाच हिरव्या पट्ट्या, हातभर उंच, खाली आमची पाच नावं, आणि समोर गावातले पुरुष खुर्च्या मांडून बसलेले.

"शादलिया पाचावरच अडकली रे! सहा दिवस झाले," एक जण म्हणत होता.

"तिच्यावर लावलेल्या माझ्या दोन कॉफ्या बुडाल्या."

"मी सुरुवातीपासून सांगतोय, बस ड्रायव्हरच्या बायकोवर लावा. आठवर होती ती!"

आणि माझा नवरा टीव्हीशेजारी उभा राहून, हातात चमचा घेऊन, एखाद्या मास्तरासारखा पट्ट्या दाखवत होता.

मला बघताच हेदीने चमचा खिशात घातला.

"नजीबा, अगं, मी तुझंच कौतुक सांगत होतो सगळ्यांना..."

"एक तारखेपासून?"

"दोन," तो म्हणाला. "एक तारखेला टीव्हीची तार सापडली नव्हती."

मला एकदम सगळं दिसलं. शादलियाचा उखडलेला सांधा, कमरचा डोळा, लल्ला बेयांचा उघडलेला पंजा, पाववाला, त्या वळून बघणाऱ्या बायका. चार घरच्या बायकांच्या चुलीवरची बरकत मी नावानिशी मोजून, अख्ख्या गावाच्या नजरेपुढे उघडी करून ठेवली होती. आणि वर विचारत होते, सूत्र कुठे बिघडलं म्हणून! माझा नजरेबिजरेवर विश्वास नाही. पण आठ तारखेला मी स्वतः पाच का लिहिलं होतं ते मला त्या कॅफेच्या दारात कळलं, आणि माझं मलाच हसू आलं आणि रडूही.

तिथून सरळ शादलियाकडे. दार ठोठावलं. म्हटलं, "मी मूर्ख आहे. कॉफी देतेस का?"

तिने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि तिच्या लग्नातलं मोठं कपाट उघडलं. वर भरतकामाची चादर होती, ती उचलली. खाली फाश्काच फाश्का, गवताच्या वेष्टणातल्या, एकीला एक लागून, वरपासून खालपर्यंत.

"आणि तो दलाल?"

"रोज येतो विचारायला. रोज नाही म्हणून जातो."

"मग पाच का लिहिलंस गं?"

"अकरा लिहिले तर सांधा उखडला. एकोणीस लिहिले तर नातीला ताप आला. मग पाच लिहिले. पाचाला कुणाची नजर लागत नाही."

"पण ते खोटं आहे, शादलिया!"

"खोटं कसं?" ती म्हणाली. "पाच आहेतच की यात."

यावर पोस्टातल्या कुठल्याही साहेबाकडे उत्तर नसतं. आम्ही दोघी जमिनीवर बसून हसलो. मी क्षमा मागितली, नीट, शब्दांत. ती म्हणाली, "तू नसतीस तर झाडांसाठी कुणी धावलं असतं का? पण नजीबा, तुझ्या जिभेला जरा गाळून घेत जा."

कपाट बंद करायच्या आधी मी फाश्का मोजल्या. सवय जात नाही. पण आकडा इथे लिहीत नाही.

१३ एप्रिल, सोमवार

पुन्हा लल्ला बेयांचं अंगण. मी सगळं सांगितलं, कॅफेसकट. मोंजिया एवढी संतापली की हेदीला या वर्षी कुणी हंडीसुद्धा विकणार नाही असं वाटलं. त्याचा बचाव मी केला नाही.

प्रश्न तोच उरला. मादामना दिसायला तर हवं. पण कुणाचं किती ते कुणालाच दिसता कामा नये, मलासुद्धा.

"झाकली मूठ ठेवायची," कमर पहिल्यांदाच बोलली, "आणि ती भरली आहे हेही दाखवायचं."

"मूठ कशाला?" लल्ला बेया म्हणाल्या. त्यांनी पंजा उघडून सगळ्यांपुढे धरला. "घरं किती आपली? बोटं किती?"

त्या सुरकुतलेल्या हाताने मला जे आठ दिवसांत सुचलं नव्हतं ते समोर ठेवलं होतं.

"पण लल्ला, हाताची पाची बोटं सारखी नसतात," मोंजिया म्हणाली. "अंगठा कोण होणार?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. अंगठा व्हायला कुणीच तयार नव्हतं. करंगळीही नको. शेवटी ठरलं, आपल्या हाताची बोटं सारखीच असतील. देवाच्या हाताचा हिशेब देवाकडे.

१४ एप्रिल, मंगळवार

नवी स्प्रेडशीट. एकच रकाना, नाव नाही. जिला वाटेल तिने आपल्या आधी न लिहिलेल्या फाश्कांचा आकडा खाली लिहून जायचा. कुणी लिहिला ते कळायची सोय मी मुद्दाम ठेवलीच नाही. दुसऱ्या पानावर पाच घरं, आणि प्रत्येकात एकूण बेरजेचा पाचवा भाग. आलेखाला सांगितलं की बाबा, यापुढे तू या पाच घरांकडे बघ. नावं काढली, बाजूचे आकडे काढले. वर फक्त एक आडवी रेघ ठेवली, शंभरची, म्हणजे दर बोटामागे विसाची. बोटं रेघेला टेकली की मादामचं पाणी तयार. रंग निळा, नजर अडवणारा. तो हेदीने सुचवला. घाबरत घाबरत, दाराआडून.

गंमत म्हणजे वेबपानाला हातही लावावा लागला नाही. गेल्या आठवड्यात ज्या ओळीला मी तीनदा उपटून लावलं, ती आपली जागच्या जागी बरोबर होती. खिडकी शाबूत होती, खिडकीतून काय दाखवायचं तेच चुकलं होतं.

सध्या बोटं रेघेच्या निम्म्यावरही नाहीत. बायका आधी खात्री करून घेतायत, मोंजिया तर फोन उलटसुलट करून बघून गेली.

१६ एप्रिल, गुरुवार

आज सकाळी पान उघडलं तर पाची बोटं एकदम वर! कुणीतरी कपाट उघडलं. दुपारी पुन्हा थोडी वर. कुणी, ते माहीत नाही. मला आधी चुटपुट लागली, खोटं का बोलू. मग लागेनाशी झाली.

हेदी सांगत होता, कॅफेत आलेख लावून बघितला. सगळे थोडा वेळ बसले. पैज लावायला काहीच नाही, सगळी बोटं एकदमच वाढतात. एका म्हाताऱ्याने नजर लागू नये म्हणून "तबारकल्लाह" म्हटलं आणि मग सगळ्यांनीच म्हटलं, आणि फुटबॉल लावला.

शिक्षा म्हणून हेदी रोज फुलांच्या टोपल्या वाहतोय. पाठ धरली म्हणतो. धरू दे.

१९ एप्रिल, रविवार

बोटं रेघेच्या किंचित खाली अडली आहेत. दिवसभर पान उघडून बघितलं. भट्ट्या थंडावल्यात, फुलं संपत आली. मादाम बघतायत की नाही देव जाणे. मी माझ्या सगळ्या फाश्का लिहून टाकल्या. आमच्या कॉफीसाठी ठेवलेली एक होती तीही. शादलियाकडे गेले तर ती शेवटच्या झाडाखाली चादर अंथरून फांदी हलवत होती. मीही फांदी धरली.

२० एप्रिल, सोमवार

बोटं टेकली. सकाळी नऊच्या सुमाराला पान उघडलं तर निळी बोटं रेघेला टेकलेली, जरा वरच गेलेली. मी स्वयंपाकघरात एकटी होते. मोठ्याने रडले.

अश्रू पुसतेय तोच मादाम इंसाफचा फोन.

"तबारकल्लाह, नजीबाबाई. हात पोचला तुमचा."

"मादाम, तुम्ही बघत होता? सेक्रेटरी म्हणाली तुम्ही पान बघणंच सोडलंय."

"सोडलं होतं. तिथे एकेका बाईचं नाव आणि तिच्या घरचं किती, ते सगळं उघडं! पट्ट्या रोज वाढायला लागल्या तेव्हा ते माझ्या लक्षात आलं आणि मी फोन उलटा ठेवला. उद्या कुणाची भट्टी फुटली तर पाप माझ्या डोळ्यांना. परवा मुलीने सांगितलं, आता हात आहे तिथे. मग बघायला लागले." जरा थांबून म्हणाल्या, "कागद पाठवते. दर वर्षीचा. तो हात तेवढा काढू नका."

मी चप्पल न घालताच शादलियाकडे पळाले. पायऱ्या मोजल्या नाहीत.

२६ एप्रिल, रविवार

लाल रंग खरवडून निघत नाही. लुत्फीने शब्द पाळला, सकाळपासून पत्र्याचा तुकडा घेऊन बसला होता, पण सालीत मुरलेला ऑइलपेंट कसला निघतो. शेवटी शादलियाने बादलीभर चुना कालवला आणि सगळी खोडं जमिनीपासून कमरेपर्यंत पांढरी करायला घेतली. तशी ती दर वर्षी करायचीच. या वर्षी हात जरा जाड मारायचा, इतकंच. मी आणि मोंजियाही ब्रश घेऊन गेलो. हेदी पाठ धरून खुर्चीवर बसला होता आणि चुना कुठे राहिला ते सांगत होता.

लुत्फीच्या नाकावर चुना होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "खालती, आमच्या घरचं एकूण किती निघालं हो? आई सांगत नाही. तुम्हाला तर माहीतच असणार, तुम्ही मोजल्याशिवाय राहायच्या नाहीत."

माहीत होतं. कपाटातल्या त्या दिवशीच्या फाश्का माझ्या अजून तोंडपाठ आहेत.

"बरकत आहे," मी म्हटलं.

झाडापलीकडून शादलिया हसली, आणि म्हणाली, "ऐकलंस ना? आता ब्रश घे. आणि नजीबा, तू कॉफी घेतेस?"